कुलपं लावलेली बाकं

केंब्रिजच्या भर बाजारात, कपड्यांच्या आणि मोबाइलच्या दुकानांना खेटून एक जुनं दगडी चर्च आहे, होली ट्रिनिटी. मी तिथं शिरले ती पावसामुळे. भाचीकडे सहा आठवडे राहायला गेले होते. ती दिवसभर लॅबमध्ये आणि मी गावभर हिंडणार, तेही छत्री घरी विसरून. आत गेले तर तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझं ओलं डोकं बघितलं आणि हसत मला एक छत्रीच दाखवली. चांगली तंबूएवढी, दोनशे वर्षांपूर्वीची. शेजारी एक काळी चहाची किटली. दोन्ही वस्तू एका पाद्र्याच्या. केंब्रिजमधली पहिलीवहिली छत्री ती हीच, असं म्हणतात. नाव चार्ल्स सिमियन.

नाव ऐकलं आणि मी तिथल्याच एका बाकावर बसले. हा माणूस माझ्या ओळखीचा होता.

माझे पप्पा पाळक, म्हणजे पाद्री होते. बदलीची नोकरी असल्यामुळे आमचं बिऱ्हाड कायम पाठीवर. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या नऊ मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, त्यांनी सेवा केली. त्यातल्या एका गावाबद्दल घरात कुणी बोलत नसे. मात्र कधीतरी रात्री उशिरा आईशी बोलताना पप्पा म्हणत, "सिमियन बारा वर्षं टिकला गं. मी तीन महिने." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. सिमियन म्हणजे शेवगाव-पाथर्डीकडचे कुणी काका असणार, त्यांच्याही गावात भांडण झालं असणार, असं मी धरून चालले होते. सिमियनकाका एकदा तरी घरी येतील, मग बघू कसे दिसतात, अशी वाटही बघितली होती.

ते इंग्लंडमधले निघाले, आणि जन्म १७५९चा, हे कळायला मला कॉलेजपर्यंत थांबावं लागलं.

जन्म रेडिंगचा, वडील पैसेवाले वकील. शिक्षण ईटनला, मग १७७९च्या जानेवारीत केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात. पोरगा धार्मिक वगैरे काही नव्हता. घोडे आणि झकपक कपडे यांचा शौक. ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांवरून उड्या मारत जाण्याबद्दल शाळेत प्रसिद्ध. कॉलेजात येऊन तीन दिवस झाले नाहीत तोच निरोप आला, की तीन आठवड्यांनी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं ते घेतलंच पाहिजे. नियमच तसा होता. बाकीच्यांनी तो नियम म्हणून पाळला. हा मात्र घाबरला. माझ्याइतकाच लायक तर सैतानही आहे, असं त्याला वाटलं. पुस्तकं आणली, उपास केले, जुनी पापं आठवून आठवून आजारी पडला. तीन महिने असे गेल्यावर ईस्टरच्या आधीच्या दुःखसप्ताहात एका बिशपच्या पुस्तकात त्याला एक वाक्य सापडलं. यहुदी लोक आपलं पाप अर्पणाच्या पशूच्या माथी ठेवत, तेव्हा आपण काय करतोय ते त्यांना ठाऊक होतं, अशा अर्थाचं. त्यानं विचार केला, म्हणजे माझं ओझं दुसऱ्याच्या माथी ठेवता येतं? मग मी ते क्षणभर तरी माझ्याकडे का ठेवू? ४ एप्रिल १७७९, ईस्टरच्या सकाळी तो जागा झाला तो 'ख्रिस्त उठला आहे' असं म्हणतच.

एवढंच. दिव्य प्रकाश नाही, आकाशवाणी नाही. सक्तीच्या हजेरीतून एका मुलाचं आयुष्य फिरलं, हे मला फार गमतीचं वाटतं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. सक्तीनं काही होत नाही, असं आम्ही शिक्षक सारखं म्हणत असतो.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. इंग्लंडची अँग्लिकन मंडळी म्हणजे राजाची, सरकारमान्य मंडळी. त्या काळात तिच्यातले पुष्कळ पाद्री हे जमीनदाराचे धाकटे मुलगे, शिकारीला जाणारे, रविवारी सदाचारावर पंधरा मिनिटं बोलून जेवायला घरी जाणारे. याच मंडळीत थोडे लोक असे होते, की जे पाप, वधस्तंभ, पश्चात्ताप, नवा जन्म हे शब्द मनापासून उच्चारत. ते सुवार्तिक, म्हणजे इव्हँजेलिकल. सभ्य समाजात ही शिवीच होती. यांतल्या अनेकांचा मंडळीशी खटका उडे, आणि जॉन वेस्लीच्या मेथडिस्टांची वाट तर पुढे वेगळी झालीच. सिमियन आत राहिला. प्रार्थनापुस्तकावर त्याचं अतोनात प्रेम. आधी बायबल, मग प्रार्थनापुस्तक, बाकी सारं या दोहोंच्या खाली, असा त्याचा हिशेब. आत राहून आतल्यांचा मार खायचा, हे त्यानं एकदा ठरवलं ते ठरवलं.

मार सुरू झाला १७८२मध्ये.

किंग्जमधल्या त्याच्या खोलीवरून होली ट्रिनिटी चालत काही मिनिटांवर. तो त्या चर्चजवळून जाताना मनात म्हणे, हे मला मिळालं तर काय बहार होईल. त्या वर्षी तिथले पाळक वारले. सिमियन तेवीस वर्षांचा, नुकती दीक्षा झालेली. वडिलांची बिशपशी ओळख होती. वडिलांनी पत्र लिहिलं आणि नेमणूक झाली. आपल्या भाषेत वशिला. हे मी मुद्दाम सांगते, कारण भक्तिभावानं लिहिणारे लोक या जागी 'देवानं दार उघडलं' असं लिहून पुढे जातात. दार उघडलं असेलही. बिजागरीला तेल वडिलांनी घातलं होतं.

मंडळीला हवे होते तिथले मदतनीस पाळक, हॅमंड नावाचे. लोक चिडले, आणि चिडण्यात त्यांची चूक होती असं मला वाटत नाही. पण त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. त्या काळी चर्चमधली बाकं घराण्यांची असत. लाकडी कठडा, त्याला दार, दाराला कुलूप. आपलं बाक, आपली किल्ली. बाकवाल्यांनी कुलपं लावली आणि ते घरी बसले. रविवारी सकाळी सिमियन व्यासपीठावर चढला तर समोर कुलपं लावलेली रिकामी बाकं, आणि मधल्या वाटेत उभे राहून ऐकणारे थोडे लोक. त्यानं स्वतःच्या पैशानं साधी बाकडी आणून वाटेत मांडली. चर्चच्या कारभाऱ्यांनी ती उचलून बाहेर दफनभूमीत फेकली. त्यानं रविवारी संध्याकाळची उपासना सुरू केली, तर त्यांनी चर्चच्या दारालाच कुलूप घातलं. एकदा त्यानं कुलूपवाल्याला बोलावून दार उघडवलं. पण पुढच्या वेळी ते केलं नाही.

दुपारच्या व्याख्यानाला वेगळा माणूस नेमायचा हक्क मंडळीच्या हातात होता आणि त्याचं मानधनही चांगलं होतं. ते त्यांनी हॅमंडना दिलं. पाच वर्षांनी हॅमंड गेले. आता तरी याला मिळेल, असं वाटलं, तर त्यांनी आणखी एकाला आणलं. तो सात वर्षं राहिला. सिमियनला ते मिळालं १७९४मध्ये. पाच आणि सात, बारा. पप्पांची बारा वर्षं ती हीच.

त्यानं या सगळ्याबद्दल पुढे लिहून ठेवलंय ते वाचताना मला त्याचा थोडा रागच येतो. म्हणे, विश्वास आणि धीर याशिवाय मला दुसरा उपाय दिसला नाही. 'प्रभूच्या दासानं भांडू नये' एवढं एक वचन त्यानं मनाशी धरलं. आलेल्या थोड्यांना देवानं दुप्पट आशीर्वाद दिला, तर एकूण हिशेब तेवढाच भरेल, असा त्यानं विचार केला. हे गणित मी माझ्या वर्गात पटावर साठ आणि हजर तेवीस असताना करून बघितलंय. जमत नाही. एक तर आपण आलेल्या तेविसांवरच खेकसतो, नाहीतर खिडकीबाहेर बघत शिकवतो.

आमच्या त्या गावात कुलपं नव्हती, कारण बाकंही नव्हती. सतरंज्या. भांडण कशावरून सुरू झालं ते मला आजही धड ठाऊक नाही. आधीच्या पाळकांचा गट आणि जमिनीच्या एका तुकड्याचा हिशेब, असं काहीतरी. पप्पा बोलायला उभे राहिले की अर्धी मंडळी उठून बाहेर लिंबाखाली जाऊन उभी राही. आतल्यांना ऐकू जावं अशा आवाजात गप्पा मारी. आशीर्वाद द्यायची वेळ झाली की पुन्हा आत. मी आणि आई पुढे बसायचो. आई मागे वळून बघायची नाही आणि मलाही बघू द्यायची नाही. पण सतरंजीवरून पाय निघाल्याचा आवाज येतोच. तीन महिन्यांनी पप्पांनी आपणहून बदली मागितली. टेम्पोत सामान भरलं त्या दिवशी मदतीला फक्त एक मुलगा आला होता.

सिमियनला केंब्रिजमध्ये मंडळीपेक्षाही जास्त त्रास दिला तो विद्यापीठानं. विद्यार्थी चर्चच्या खिडक्यांवर दगड मारत, उपासनेत हुल्लड करत. त्याच्याकडे जाणाऱ्या मुलांना 'सिम्स' असं हिणवत. प्राध्यापक त्याच्यासोबत दिसायला कचरत. त्यानं लिहिलंय, की माझ्याच कॉलेजातला एक फेलो, म्हणजे कॉलेजचा कायमचा सदस्य, क्लेअर कॉलेजसमोरच्या हिरवळीवर पाव तास माझ्याबरोबर फिरायला धजला, याचं मला नवल वाटलं होतं. म्हणजे सोबतीचीही आठवण ठेवावी लागावी, इतकी ती दुर्मीळ.

एक दिवस असाच चेष्टा सोसून तो हातात छोटा नवा करार घेऊन फिरत होता. देवा, मला एखाद्या वचनानं धीर दे, असं म्हणून त्यानं पान उघडलं. निघाली ती कुरेनेकर शिमोनाची ओळ. येशूचा वधस्तंभ वाहायला शिपायांनी रस्त्यावरून जाणाऱ्या या माणसाला धरलं. इंग्रजीत तो सायमन आणि हा सिमियन, एकाच नावाची दोन रूपं. त्याला वाटलं, वधस्तंभ माझ्या खांद्यावर ठेव बाबा, आनंदानं वाहीन. पप्पा ही गोष्ट उपदेशात सांगत, कारण ती मराठीत जास्त खुलते. मराठी शास्त्रात दोघंही शिमोनच. शिवाय आपल्याकडे त्या ओळीत शब्द आहे 'वेठीस धरले'. वेठबिगार ठाऊक असलेल्या माणसाला त्या दोन शब्दांत जे कळतं, ते केंब्रिजच्या फेलोला किती कळलं असेल, शंकाच आहे.

पण हा माणूस साधुसंत नव्हता, आणि मला तो आवडतो तो त्यामुळेच. तापट. स्वतःबद्दल नको इतका जागरूक. कपडे नीटनेटके लागत, घोडे उत्तम लागत, फरशीवर चिखलाचे बूट आलेले खपत नसत. एकदा एका घरी पाहुणा असताना नोकर शेगडीतली आग चुकीच्या पद्धतीनं ढोसतोय, एवढ्यावरून त्यानं त्या नोकराच्या पाठीत धपाटा घातला. यजमानांनी त्याला त्या नोकराच्या नावानं एक पत्र लिहून खजील केलं. हेन्री व्हेन नावाच्या एका वयस्क पाद्र्याकडे तो तरुणपणी जात असे. त्याची पाठ फिरली की व्हेनच्या मुली त्याच्या वागण्याची टर उडवत. व्हेननं त्यांना बागेतून एक पीच तोडून आणायला सांगितलं. दिवस उन्हाळ्याच्या सुरुवातीचे, फळ हिरवंगार. मुली म्हणाल्या, हे तर कच्चं आहे. बाप म्हणाला, आता थांबायचं. अजून थोडं ऊन, थोड्या सरी, मग होईल गोड. मिस्टर सिमियनचंही तसंच.

आपण अढीतल्या आंब्याची माणसं. आंबा अढीत घालून आपण पिकवतो, झाडावर ठेवून वाट बघत नाही. सिमियनला अढी मिळाली ती कुलपांची. हे माझं म्हणणं, व्हेनचं नाही.

पहाटे चारला उठायचा त्याचा नेम होता. जमेना. मग त्यानं स्वतःला दंड लावला. उशीर झाला तर खोली झाडणाऱ्या बाईला अर्धा क्राउन द्यायचा. एका पहाटे पांघरुणात पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं, बाई गरीब आहे, तिला पैसे मिळाले तर बरंच आहे की. मनाची ही लबाडी ध्यानात आल्याबरोबर त्यानं दंड बदलला. आता उशीर झाला तर एक गिनी, म्हणजे सोन्याचं नाणं, कॅम नदीत टाकायची. एकदा टाकली म्हणे, आणि परत कधी वेळ आली नाही. पहाटेचे ते तास बायबल आणि प्रार्थनेसाठी. मी नदीवरच्या पुलावर उभी राहून खाली बघितलं. पाणी गढूळ, बदकं, आणि लांब बांबूनं होडी ढकलणारी पोरं.

१७८८च्या सुमाराला धान्य महागलं. शहरातल्या गरिबांना स्वस्त पाव देण्याची सोय झाली. पण आजूबाजूच्या खेड्यांचं काय, असं सिमियननं विचारलं. चोवीस खेड्यांत अर्ध्या किमतीत पाव मिळेल अशी व्यवस्था केली, पदरचा पैसा घातला, आणि तो नीट पोचतोय की नाही हे बघायला घोड्यावरून स्वतः हिंडला. उंची घोड्यांचा उपयोग झाला. गाव हळूहळू मऊ पडायला लागलं ते इथून पुढं, असं मला वाटतं. उपदेशानं जे झालं नसेल, ते पावानं झालं असेल. पण पाव वाटूनही कुलपं आणखी काही वर्षं टिकली, हेही तितकंच खरं.

आता ती किटली.

किंग्जच्या गिब्ज इमारतीत, वरच्या मजल्यावर त्याच्या खोल्या. लग्न केलं नाही. फेलो राहायचं तर अविवाहित राहावं लागे. शुक्रवारी संध्याकाळी दार उघडं. विद्यार्थी येत, पुढे पुढे तर खोलीत मावेनासे होत. नोकर चहा फिरवत आणि सिमियन उंच खुर्चीत बसून प्रश्नांना उत्तरं देई. कुणीही काहीही विचारावं. याशिवाय उपदेश कसा लिहावा याचा वेगळा वर्ग. तेव्हा इंग्लंडात पाद्री व्हायला पदवी लागे. पण बोलायचं कसं हे कुणीही शिकवत नसे. यानं ते शिकवलं. वचनात जे आहे ते बाहेर काढा, जे नाही ते आत कोंबू नका. आणि तीन प्रश्न: या उपदेशानं पापी नम्र होतो का, तारणाऱ्याचं माहात्म्य वाढतं का, ऐकणाऱ्याचं जगणं पवित्र व्हायला मदत होते का? त्यानं आयुष्यभराच्या उपदेशांचे आराखडे छापले. २१ खंड, २,५३६ आराखडे, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, म्हणजे अख्ख्या बायबलवर.

पप्पांकडे खंड नव्हते. दरवर्षी औषध कंपनीची फुकट मिळणारी डायरी असे. तीत प्रत्येक रविवारच्या पानावर वचन, खाली एक, दोन, तीन. त्या गावातल्या तीन महिन्यांचीही पानं भरलेली आहेत. अक्षर जरासुद्धा बिघडलेलं नाही. मी पाहिलंय.

त्या काळचा मोठा वाद कॅल्व्हिनवाले आणि वेस्लीवाले यांचा. माणूस देवाच्या निवडीनं तरतो, असं कॅल्व्हिनवाले म्हणत; स्वतःच्या होकारानं, असं वेस्लीवाले. १७८४मध्ये सिमियन म्हाताऱ्या जॉन वेस्लीला भेटला. भांडायला नाही, प्रश्न विचारायला. तुम्ही स्वतःहून देवाकडे वळला असतात का? नाही. स्वतःच्या कृत्यांनी तरलात का? नाही. देवानं धरून ठेवलं नाही तर टिकाल का? नाही. मग माझा कॅल्व्हिनवाद तो एवढाच, असं म्हणून यानं तलवार म्यान केली. पुढे तो म्हणे, सत्य मध्यावर नसतं आणि एका टोकालाही नसतं, ते दोन्ही टोकांना असतं. सुवर्णमध्याची सवय झालेल्या आपल्यासारख्यांना हे वाक्य जरा टोचतं. टोचू द्यावं.

इथवर सगळं मला पटतं. अडखळते ती पुढे.

सिमियन चोपन्न वर्षं एका चर्चमधून हलला नाही. पण त्यानं हलवलेली माणसं जगभर गेली, सगळ्यात जास्त आपल्याकडे. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा मिशनऱ्यांना आपल्या मुलखात येऊ देत नसे. पण गोऱ्या लोकांसाठी पाद्री नेमत असे. त्या जागांवर सिमियन आपली मुलं पाठवी. हिंदुस्थान म्हणजे माझा धर्मप्रांत, असं तो गमतीनं म्हणे. त्यानं हा देश कधी पाहिला नाही. चहा पिता पिता कुणाच्या तरी देशाला असं म्हणता येणं, हा साम्राज्याचाच गुण. मी ख्रिस्ती आहे, त्याच प्रवाहातून आलेल्या मंडळीत वाढले, आणि तरी ही गंमत मला गोड लागत नाही. त्याला हुकूमत नको होती, हे कळूनही.

त्यानं पाठवलेल्यांपैकी टॉमस टॉमसन कलकत्त्याला राहिला. त्याचा मुलगा जेम्स शिकायला इंग्लंडला आला, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवलं सिमियननं. पुढे हाच जेम्स उत्तरेत लेफ्टनंट गव्हर्नर झाला. आपली पोरं ज्या रुरकी आयआयटीसाठी कोट्याला क्लास लावतात, तिचं एक जुनं नाव याच्यावरून पडलेलं, टॉमसन कॉलेज.

आणि हेन्री मार्टिन. कॉर्नवॉलचा, बारीक चणीचा, १८०१मध्ये गणितात अख्ख्या विद्यापीठात पहिला. वकील व्हायचं होतं. सिमियन एकदा बोलता बोलता मिशनरी विल्यम कॅरीनं बंगालात एकट्यानं काय उभं केलंय ते सांगून गेला, आणि पोराचं डोकं फिरलं. तो सिमियनचा मदतनीस झाला. लिडिया नावाच्या मुलीवर जीव. पण लग्न झालं नाही. १८०५मध्ये तो जहाजावर चढला, तेव्हा सिमियन पोर्ट्समथपर्यंत पोचवायला गेला. दानापूर, कानपूर. हिंदुस्तानीत नवा करार. क्षयानं पोखरलेली छाती. मग फारसी भाषांतर सुधारायला इराणला जायचं ठरलं.

इथं तो आपल्या अंगणात येतो. १८११च्या जानेवारीत कलकत्त्याहून मुंबईला निघालेल्या जहाजावर त्याच्यासोबत एक प्रवासी होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुण्याला पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून चालला होता. पुढे पेशवाई बुडवणारा हा थंड डोक्याचा माणूस, धर्माच्या बाबतीत काठावरचा. त्यानं पत्रात लिहिलं, की मार्टिन उत्तम विद्वान आहे, आणि इतका सौम्य, आनंदी माणूस मी पाहिला नाही. जहाजाच्या नाखुद्याशी धर्मावर वाद घालतो, आणि नास्तिक असता तर जितकं हसवलं असतं तितकंच इतरांना हसवतो. वाटेत मार्टिननं गोव्याला संत फ्रान्सिस झेव्हियरची कबर पाहिली. मुंबईत तो महिनाभर राहिला, पारशी विद्वानांशी बोलला, आणि बोटीनं इराणमधल्या बुशेरला गेला. शिराझमध्ये फारसी नवा करार पुरा केला. तिथून घोड्यावर इंग्लंडकडे निघाला, आणि १६ ऑक्टोबर १८१२ला तुर्कस्तानात तोकात इथं मेला. वय एकतीस.

त्याच महिन्यात लंडनला त्याचं एक चित्र पोचलं, हिंदुस्थानातून पाठवलेलं. सिमियन ते बघायला गेला. पेटी उघडली. चेहरा इतका ओढलेला, इतका बदललेला, की तो वळून लांब जाऊन उभा राहिला, तोंड झाकून मोठ्यानं रडला. मार्टिन गेल्याची बातमी अजून यायची होती.

ते चित्र त्यानं शेगडीच्या वर लावलं. शुक्रवारी चहाला येणाऱ्यांना दाखवून म्हणे, बघा, हा कसा बघतो माझ्याकडे; नजर हटवत नाही. सारखा म्हणतोय, गांभीर्यानं घे, वेळ दवडू नकोस, खेळ करू नकोस. मग चित्राकडे वळून, किंचित मान लववून म्हणे, नाही करणार, खेळ नाही करणार.

मी त्या किटलीसमोर बराच वेळ उभी होते ती यामुळे. याच किटलीतला चहा पीत पोरं ऐकत होती, आणि उठून समुद्र ओलांडत होती. चहा पाजणारा मात्र जागेवर. त्याला हे खुपत असणारच, नाहीतर चित्राला असं उत्तर का देत राहील? माझ्याकडे याचा निवाडा नाही.

ज्या चर्च मिशनरी सोसायटीच्या स्थापनेमागं १७९९मध्ये सिमियन आणि त्याचे मित्र होते, तीच सोसायटी पुढं नाशिकला आली आणि १८५४मध्ये तिचे मिशनरी प्राइस यांनी गावाबाहेर शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत प्रवासी-संशोधक लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता आणि त्याच्या मृतदेहासोबत लंडनपर्यंत गेला. आता शरणपूर रोडला सिग्नलवर थांबलेल्या कुणाला विचारलं, शरण कुणाची, तर कोण सांगणार? मीही तिथून हजारदा रिक्षानं गेले असेन.

आणखी एक गोष्ट त्यानं केली, जिच्याबद्दल त्याचे भक्तही दबकून बोलतात. इंग्लंडात कुठल्या चर्चला कोण पाळक द्यायचा हा हक्क विकत मिळे. सिमियननं देणग्या जमवून, पदरचे पैसे घालून असे हक्क विकत घेतले आणि एका ट्रस्टकडे सोपवले, म्हणजे तिथं कायम सुवार्तिक पाळकच जातील. वशिल्यानं आलेल्या माणसानं वशिल्याचा बाजारच विकत घेतला, असं कुणी म्हणेल. मी म्हटलंच. पण कुलपांसमोर बारा वर्षं उभा राहिलेला माणूस, आपल्यामागून येणाऱ्याला किल्ली मिळावी म्हणून धडपडला, असंही दिसतं. मेकॉले, हो तोच आपला शिक्षणवाला, केंब्रिजला होता तेव्हा सिमियननं गाजवलेला काळ त्यानं पाहिला होता. त्यानं नंतर लिहिलं, की मंडळीवर सिमियनची खरी सत्ता कुठल्याही आर्चबिशपपेक्षा जास्त होती.

म्हातारपणी गिब्जचा जिना चढताना दम लागे, म्हणून कॉलेजनं त्याच्यासाठी लोखंडी कठडा बसवला. पोरं त्याला 'संताचा विसावा' म्हणत. ज्या कॉलेजात त्याच्याबरोबर पाव तास कुणी चालत नसे, तिथं.

१८३६च्या सप्टेंबरात नव्या बिशपना भेटायला ईलीला गेला, तिथं थंडी बाधली. नोव्हेंबरात त्याला विद्यापीठापुढे उपदेश करायचे होते. १३ नोव्हेंबरच्या रविवारी दुपारी सेंट मेरीज चर्चची घंटा वाजू लागली, त्याच उपासनेची, जिथं तो बोलणार होता. आणि ती वाजत असतानाच तो गेला. अंत्यविधीच्या दिवशी बाजारातली दुकानं बंद होती, वर्ग बंद होते.

त्याला पुरलं किंग्जच्या चॅपलमध्ये. मी शोधत गेले. तिथं सगळ्यांच्या माना वर, त्या पंख्यांच्या नक्षीच्या दगडी छताकडे, मोबाइलही वर. फरशीवर एक लादी आहे, तीवर सी एस आणि १८३६, एवढंच. एक बाप पोराला खांद्यावर घेऊन नेमका त्या लादीवर उभा होता. मी थांबले.

पप्पांच्या दगडावर आम्ही नाव, तारखा आणि त्यांनी सेवा केलेल्या मंडळ्यांची नावं कोरून घ्यायचं ठरवलं होतं. मी नऊ नावं कागदावर लिहून कारागिराकडे निघाले, तेव्हा आईनं कागद मागितला, चष्मा लावला आणि एका नावावर काट मारली. मी म्हटलं, आई, त्यांना ते आवडलं नसतं. ती म्हणाली, त्यांना नसतं आवडलं. पुढे मी बसायचे.

दगडावर आठ आहेत.